मधमाश्यांचा धनी

“एकदा सांगा ना त्यांना, बाईसाहेब!” हेडविगने मधपेटीसमोर गुडघे टेकले. “जुना धनी गेला, नवा आला, हे घरच्या बाईने सांगितलं नाही तर माश्या मरतात. माझ्या लेकरांना हिवाळाभर या मधाशिवाय आहे काय?”

युद्ध संपलं होतं. जर्मनीतल्या त्या खेड्यातली चिमुकली गढी जुन्या घराण्याकडून काढून सरकारने हेडविगसारख्या निर्वासितांना दिली होती. बाईसाहेबांना गाव सोडायचा हुकूम होता; गाडी फाटकाशी उभी होती.

“माझा नवरा गेला असं कुणी म्हटलं? आल्ब्रेख्त रशियातल्या लढाईवरून परतायचाय अजून. गढी घ्या, शेत घ्या. एवढं मात्र माझ्या तोंडून वदवू नकोस गं.”

गाडीवानाने हाक मारली. पायरीवर हेडविगची लेकरं एकाच घोंगडीत कुडकुडत होती. त्यांच्याकडे बघत बाईसाहेबांनी पेटीवर टकटक केलं, लाकडाला ओठ टेकवले.

“बायांनो, तुमचा धनी गेला गं. आता हीच तुमची आई.”

आतली गुणगुण तशीच राहिली. हेडविगने आपला काळा रुमाल फाडून सुतकाची पट्टी रीतीप्रमाणे पेटीला बांधली. हातात एक तुकडा उरला.

बाईसाहेबांनी मनगट पुढे केलं.