मधली जागा

"पेशकारसाहेब, हे दोन फोटो होऊन राह्यले. तुमाले एकच पायजे ना?"

काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढत कुसुमबाई म्हणाली.

आदिलाबादच्या कचेरीसमोर माणसं उन्हात उभी होती. साल छप्पन्न, ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. चार दिवसांनी हैदराबाद राज्य उरणार नव्हतं. किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार होता, आदिलाबाद आंध्रात. कचेरीतले नऊ जण तिकडे, बारा जण इकडे. पांगण्याआधी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं ठरलं होतं.

पेशकार यशवंतराव म्हणजे कचेरीतले सगळ्यात मोठे कारकून. त्यांनी हातातल्या यादीप्रमाणे माणसं लावली होती. जाणारे उजवीकडे, राहणारे डावीकडे. मधून बैलगाडी गेली असती.

"यादीच तशी हाये, बाई."

"यादी कागदावर राहू द्या. काचेवर पयले ते मधातलं रिकामं दिसते. माणसं मागून."

यशवंतरावांनी ओसरीकडे पाहिलं. तिथं स्टुलावर सुधाकरराव बसले होते, दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. स्टुडिओ त्यांचा. चार महिन्यांपूर्वी त्यांची नजर अंधुक व्हायला लागली, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून बायकोच्या हातात दिलं. तेव्हापासून चुलीपासून बाजारापर्यंत सगळं कुसुमबाईनं त्या भोकातून पाहिलं होतं. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं. एवढ्या माणसांचा फोटो मात्र हा पहिलाच.

"सुधाकरराव, तुमी सांगा ना यायले."

"मले काय दिसते? जिले दिसते तिले इचारा."

कुसुमबाईनं पदर खोचला. पेशकारांना आणि दोन म्हाताऱ्या कारकुनांना खुर्च्यांवर बसवलं. पांढरे फेटेवाले चुन्याच्या भिंतीत विरघळत होते, त्यांना उचलून दाराच्या अंधाऱ्या चौकटीपुढे आणलं. लिंगय्या कारकुनाचा काळा कोट दोन पांढऱ्या सदऱ्यांमध्ये घातला. कोण कुठल्या राज्यात चाललंय, हे तिनं विचारलं नाही. यशवंतरावांनी यादीची घडी केली आणि खिशात घातली.

तिनं परत कापडाखाली डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर सगळी माणसं उलटी लटकली होती. जमलं होतं, पण पुरतं नाही. दोन्ही टोकांना दोन उंच माणसं खांबासारखी उभी, आणि मधून जुन्या खाटेसारखा झोल.

"नागोराव भाऊ, चंपतराव भाऊ, तुमी दोघं मागच्या रांगेत, मधात या."

सगळ्यांच्या माना त्या दोघांकडे वळल्या.

दोघं नार्नूरकडच्या एकाच गावचे. चौदा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले. चंपतरावांनी किनवट मागून घेतलं. नागोरावांनी इथंच राहायचं ठरवलं, शेत इथं म्हणून. "मराठी माणूस अन् आंध्रात राह्यतं?" असं चंपतराव भर कचेरीत बोलले. "बापाचं वावर टाकून पळणाऱ्यानं मले शिकवू नये," असं नागोराव बोलले. त्याला महिना झाला होता. तेव्हापासून कागदसुद्धा चपराशाच्या हातून इकडून तिकडे जात होते. गावाला ठाऊक होतं, कुसुमबाईलाही ठाऊक होतं.

"मी कडेलेच बरा, वहिनी," नागोराव म्हणाले.

"तुमी बरे, पण फोटो बरा नाही. उंच माणूस मधात लागते. अन् उंच तुमी दोघंच."

दोघं आले. मध्ये हातभर जागा सोडून उभे राहिले. त्या जागेतून मागच्या चुन्याच्या भिंतीवरचं ऊन थेट काचेवर येत होतं, पांढऱ्या फटीसारखं. नजर दुसरीकडे जातच नव्हती.

"अजून जवळ. चंपतराव भाऊ, तुमचा खांदा त्यायच्या खांद्यामागं घ्या."

"मग हात कुठं ठेवू?"

"चौदा वर्षं कुठं ठेवत होते?"

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. चंपतरावांचा हात वर आला, थोडा वेळ हवेतच राहिला, मग नागोरावांच्या खांद्यावर टेकला. फट मिटली.

कुसुमबाईनं फोटोची काच आत सरकवली. "आता हलू नका. तीन म्हणेपर्यंत श्वास बी नाही."

तिनं लेन्सची टोपी काढली. एक. दोन. तेवढ्यात नागोरावांची मान वळली. ते काहीतरी बोलले. चंपतरावांनी खाली वाकून उत्तर दिलं. तीन. टोपी बसली.

"हलले?" ओसरीवरून सुधाकररावांनी विचारलं.

"हलले. मधातलेच दोघं."

"गेली मग ती काच. दुसरी घाल."

तिनं दुसरी काच घातली आणि टोपीवर बोटं ठेवली. सगळे पुन्हा ताठ झाले. मधले दोघं मात्र अजून बोलत होते, हळू आवाजात, डोक्याला डोकं लावून. तिच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"अहो नागोराव!" खुर्चीतून यशवंतराव मागे वळायला लागले.

"तुमी समोर पाहा, साहेब," कुसुमबाई म्हणाली.

साहेबांनी समोर पाहिलं. उन्हात एकोणीस माणसं श्वास रोखून लेन्सकडे बघत राहिली. कुसुमबाई टोपीवर बोटं ठेवून, त्या दोघांचं बोलणं संपायची वाट बघत उभी राहिली.