दक्षिणेची गस्त

“आज दुपारी दक्षिणेच्या खडकाकडे,” ताताय म्हणाले आणि भातावर गरम कॉफी ओतून खाऊ लागले.

आदेल्फाने वह्या पिशवीत भरता भरता मान हलवली. बापाने एवढं सांगितलं याचंच तिला नवल वाटलं. गस्त कुठे जाणार ते हल्ली घरीसुद्धा बोलायचं नाही, असं ठरलं होतं. दोन महिन्यांत गस्तीची होडी चार वेळा रिकामी परतली होती. माशाचं बोटभर पिल्लूही सुटू न देणारी ती बंदी घातलेली बारीक जाळी गस्त पोचायच्या आत पाण्यातून गायब व्हायची. कुणीतरी खबर देत होतं. गाव रोवेनाचं नाव घेत होतं.

रोवेनाचे दोघे भाऊ अजून तीच जाळी टाकत. तीन वर्षांपूर्वी ती स्वतःही टाकायची. तातायनी तिला पकडलं आणि तिचं जाळं किनाऱ्यावर सगळ्यांदेखत जाळलं. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी. “जाळलंत ना? आता खायचं काय, तेही तुम्हीच सांगा.” तातायनी तिला गस्तीच्या होडीत घेतलं.

ती जागा आदेल्फाने एकोणिसाव्या वर्षी मागितली होती. “पाण्यावर घरातलं एकच माणूस पुरे. तू शीक,” ताताय म्हणाले होते. ती शिकली, शाळेत शिकवू लागली. वर्गाच्या खिडकीतून होडी दिसायची. सुकाणूवर रोवेना, डोक्यावर तातायची जुनी टोपी. घरी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस होडीत खळखळून हसायचा आणि ते हसू फळ्यापर्यंत ऐकू यायचं. रोवेनाही त्यांना ताताय, म्हणजे बाबा, म्हणूनच हाक मारायची. ते ओ द्यायचे.

पहिल्यांदा खबर आदेल्फाच्या तोंडून सहज निसटली होती. पुरिंगच्या दुकानात, व्हिनेगर घेताना. पुरिंगच्या मुलांची जाळी गावात सगळ्यांत मोठी. त्या संध्याकाळी होडी रिकामी आली आणि लोकांनी रोवेनाकडे बोट दाखवलं. आदेल्फाला आत कुठेतरी गार वाटलं. पुढच्या तिन्ही वेळा ती सहज बोलली नव्हती.

आजही ती दुकानापाशी थांबली.

“काय गं टीचर, म्हातारा आज विश्रांती घेतोय की नाही?” पुरिंगने विचारलं.

“कसली विश्रांती! दुपारी दक्षिणेला निघालेत, लाडकीला घेऊन.”

“अगंबाई! मला वाटलं, लाडकी तू.”

“मी वह्या तपासते,” आदेल्फा म्हणाली.

संध्याकाळी होडी आली ती उत्तरेकडून. आत तीन मोठी जाळी. रोवेना किनाऱ्यावर उड्या मारत होती, माणसं टाळ्या वाजवत होती. म्हाताऱ्याचा बेत ऐन वेळी बदलला असेल, आदेल्फाने मनाशी म्हटलं. ताताय मात्र हसले नाहीत. घरी येऊन पाय धुऊन जेवायला बसले.

“उद्या शनिवार. शाळा नाही ना तुला?”

“नाही.”

“मग तू चल माझ्याबरोबर. होडीत.”

आदेल्फाने नुसतं बरं म्हटलं. अंथरुणावर पडल्यावर मात्र तिला हसू आवरेना. रोवेना संपली, तिला वाटलं. शेवटी आपणच.

पहाटे ती त्यांना उठवायला गेली, तेव्हा त्यांचे हात थंड पडले होते.

तातायसाठीची नवव्या दिवसाची प्रार्थना आटोपली. अंगणात शेवया वाढल्या जात होत्या. गावचा मुखिया, कापितान दामासो, खुर्चीतून उठला, तशी माणसं त्याच्याकडे वळली.

“रोवेना, उद्यापासून तू होडीत नकोस. क्रिसांतोने, देव त्याला शांती देवो, तुला फार सांभाळून घेतलं. आम्हाला नाही परवडत.” मग त्याने खिशातून तातायची शिटी काढून आदेल्फाच्या हातात दिली. “बापाची जागा आता तुझी, पोरी.”

आदेल्फाने शिटी मुठीत घेतली.

“नको तर नको, कापितान,” रोवेना म्हणाली. “पण फितूर म्हणून घालवू नका. शेवटच्या गस्तीच्या आदल्या दिवशीच ताताय मला म्हणाले होते, उद्या उत्तरेला. मला एकटीला. मी खबर दिली असती तर उत्तरेला एक तरी जाळं दिसलं असतं का? तिथे तर जत्रा भरली होती!”

कुणीतरी हसलं. रोवेना हसली नाही.

“तीन जाळी मिळाली तरी ताताय गप्पच. म्हटलं, म्हातारबुवा, आता काय झालं? तर म्हणाले, आणखी एका माणसाला मी दक्षिण सांगितली होती.”

“कुणाला?”

“नाही बोलले. चारदा विचारलं. घरी येईपर्यंत पाण्याकडे बघत बसले.”

आदेल्फाने हातातली ताटली टेबलावर ठेवली. म्हणजे ते जेवायला बसले, तेव्हा त्यांना कळलेलं होतं. कळलेलं असूनच ते म्हणाले होते, तू चल माझ्याबरोबर.

“गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं, पोरी,” कापितान म्हणाला. “याला साक्षीदार कोण?”

रोवेनाने डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. माणसं पुन्हा ताटल्यांकडे वळली. अजून गप्प राहता येत होतं.

“मला सांगितली होती दक्षिण,” आदेल्फा म्हणाली. “आणि मी ती दुकानात पोचवली. पाचही वेळा मीच. हिच्यावर जळत होते मी.”