एकेचाळिसावा निंजा

पडद्यावरच्या निंजाच्या पाठीतून तलवारीचं टोक बाहेर आलं आणि माइकपुढे उभ्या बळवंतबुवांनी जीव खाऊन किंकाळी फोडली. कागदी भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली. निंजा गुडघ्यांवर आला, पडला. किंकाळीचा श्वास सरता सरता बुवांच्या घशातून आणखी काहीतरी निघालं, अगदी बारीक.

काचेपलीकडे हेमांगीने हेडफोन कानावर दाबला. डबिंग तीच करवून घेत होती. "केतन, मागे घे जरा. शेवट ऐकव."

रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या केतनने ऐकवला. "आऽऽऽह... हरी."

"बुवा!" तिने बोलायचं बटण दाबलं. "परत हरी आला."

"आला का?" साठी उलटलेल्या बुवांचा चेहरा कसनुसा झाला.

"बुवांचे निंजा डायरेक्ट वैकुंठात जातात ना," केतन म्हणाला. "पुढच्या मारामारीला माणसंच उरत नाहीत, यार."

हेमांगी हसली, पण पुरतं नाही. मोठ्यांसाठीचा जपानी चित्रपट होता, हाताने चितारलेला, आणि त्यातला माणसांचा सगळा आवाज हिंदीत नव्याने भरायचा होता. नायक, खलनायक, राजकन्या आपापलं बोलून गेले होते. उरले होते किल्ल्याच्या दारात कापले जाणारे एकेचाळीस बिननावाचे लोक. अंधेरीत असलं मरण बुवांइतकं कोणाला जमत नव्हतं.

"हे बघा बुवा, मागचा भाग चित्रपटवाल्यांकडून परत आलाय. मरणारा काहीतरी पुटपुटतोय, काढा, म्हणून लेखी कळवलंय त्यांनी. आता परत आलं तर काम सरळ त्या दुसऱ्या आवाजवाल्या नंदूला जाईल, मला विचारणारसुद्धा नाहीत. प्लीज ना. नुसती किंकाळी द्या. कोरी."

"अगं, तलवारींच्या खणखणाटात कोण ऐकतंय एवढंसं?"

"मी ऐकलं ना. आणि जपानमधला निंजा हरी हरी करत कसा मरेल, तुम्हीच सांगा."

"मरताना कोण कुठला असतो गं?" बुवांनी कोमट पाण्याचा घोट घेतला. "बोरिवलीच्या देवळात दर एकादशीला कीर्तनाला उभा राहतो ना मी, तेव्हा लोकांना एकच सांगतो. शेवटच्या घटकेला नाव आठवेल या भरवशावर राहू नका. तेव्हा घसा आपला राहत नाही. जन्मभर जे वळण लावलंत तेच त्यातून बाहेर पडेल. आणि इथे मी स्वतः दिवसाला पन्नासदा मरतो, बाळा. अकरा वर्षं. माझ्या घशाला कसलं वळण लागणार? म्हणून आपलं प्रत्येक मरणाच्या टोकाला त्याचं नाव बांधून ठेवतो."

केतन हसायचा थांबला.

हेमांगीने बटण दाबलं. "मनात घ्या ना, बुवा. मनातलं माइकला कळत नाही."

बुवांचं घर या किंकाळ्यांवर चालत होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि हेमांगीलाही.

"लाव," बुवा म्हणाले.

पहिल्याच्या पाठीतून तलवार पुन्हा आरपार गेली. नाव टाळूपर्यंत चढलं, बुवांनी ओठ मिटून ते माघारी गिळलं. दुसऱ्याचा गळा साखळीने आवळला गेला. तिसऱ्याचा हात खांद्यापासून सुटून दूर जाऊन पडला. मनात घ्यायचं म्हटलं तर तेवढी उसंत कुठे होती! एक पडतो न पडतो तोच पुढच्याचं पोट फाटायचं. दहाव्याच्या वेळी नाव जिभेच्या मुळाशीच अडलं. विसाव्याच्या वेळी छातीत नुसतं हलल्यासारखं झालं.

"झकास, बुवा! एकदम साफ!" हेमांगी दर खेपेला म्हणत होती. तिसाव्यानंतर केतनने शेवट तपासायचंही सोडून दिलं.

एकेचाळिसावा निंजा म्हातारा होता. कोणीतरी फेकलेली धारदार पोलादी चांदणी फिरत आली आणि त्याच्या मानेत रुतली. तो दाराला टेकून खाली घसरला. मग मारामारी नाही, संगीत नाही, पडदाभर नुसता त्याचा चेहरा. डोळे उघडे, गळ्यातून रक्त वाहतंय आणि ओठ सावकाश हलतायत.

हेमांगीने चित्र थांबवलं.

"बुवा," ती हळूच म्हणाली, "इथे ओठ हलतायत त्याचे. मूळ जपानीतसुद्धा तो काहीतरी पुटपुटतो. सहा सेकंद आहेत. किंकाळी झाली की तुमचं घ्या. मी बघते काय ते."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं आणि काचेतूनच हात जोडले. पाय जरा फाकून ते कीर्तनाला उभे राहावेत तसे उभे राहिले.

चांदणी फिरत आली. बुवांनी किंकाळी दिली. मग म्हाताऱ्याचा चेहरा आला, ओठ हलू लागले आणि बुवांनी नाव घ्यायला तोंड उघडलं.

किंकाळीच बाहेर आली. पहिल्यासारखीच, शेवटपर्यंत कोरी.

"बुवा, किंकाळी झाली," केतन म्हणाला. "आता ते घ्या ना. हरी."

चित्र पुन्हा लागलं. या खेपेला बुवांनी डोळे मिटले, दोन्ही मुठी छातीशी धरल्या. पहिली किंकाळी झाली. श्वास घेतला. घशाच्या शिरा दोरासारख्या वर आल्या, आणि दुसरी किंकाळी काचेवर आदळली.

हेमांगीचं बोट बटणावर होतं, पण तिने ते दाबलं नाही. केतननेही चित्र थांबवलं नाही. बुवा तोंड उघडं ठेवून उभे होते, आणि पडद्यावर त्या म्हाताऱ्याचे ओठ हलत राहिले.