गोलपोस्टसमोरची माती

इंग्लंडमधल्या डरहमजवळच्या आमच्या खाणगावात माणूस गेला की त्याची राख फुटबॉल क्लबच्या मैदानात, गोलपोस्टसमोरच्या मातीत मिसळतात. आजोबांपासूनचा रिवाज. क्लब विकत घेतलेल्या नव्या मालकाला तिथे प्लास्टिकचं गवत हवं होतं. खणलेली माती माझ्या ट्रकमध्ये भरली, तेव्हा सामन्याला चहा विकणाऱ्या डोरीनकाकू आडव्या आल्या. “यात माझा नवरा विल्फ आहे. कुठे टाकणार?” “कचरा डेपोत,” मालक हसला. “तुमचा नवरा तेवढा पिशवीत भरून न्या.” “आपण हरत असतानाही तो पावसात उभा राहायचा. तू कधी राहिलास रे मेल्या?” मालकाने मला खूण केली, “काढ गाडी.” माझा बापही त्याच ढिगात होता. मी काकूंना शेजारी बसवलं. “कुठे नेऊ?” “याच्या बंगल्यावर.” पांढऱ्या पायऱ्यांवर अख्खा ट्रक ओतला. काकू ढिगाकडे वाकल्या. “विल्फ, आत जाताना पाय पुसू नकोस.”