गणिताच्या सरांचं पत्र

"आधी वाचा. मग बोलू," म्हणत मुख्याध्यापकांनी टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे सरकवला. बारा वाजता संस्थेची बैठक होती. वाचनाचा तास ठेवायचा की बंद करायचा, हे तिथे ठरणार होतं.

बाईंनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं. 'गणिताच्या तासाला वीस-वीस मिनिटं उदाहरण वाचण्यातच जातात. विज्ञानाच्या तासाला मुलं प्रयोग सोडून परिच्छेदाचा सारांश सांगत बसतात. इतिहासाचे धडे पुरे होत नाहीत.' पान संपेपर्यंत हेच रडगाणं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणाचं आहे ते सांगू नका. कळलं मला."

"बाई, जरा बसून नीट..."

पण बाई कागद घेऊन बाहेर पडल्यासुद्धा.

दोन वर्षं हे गाडं त्या एकट्या ओढत होत्या. चौथीच्या मुलांना पाढे घडाघडा यायचे, पण उदाहरणात विचारलंय काय, ते कळायचं नाही. म्हणून बाईंनी वाचनाचा तास सुरू केला, शिवाय प्रत्येक विषयाच्या तासालाही जाऊन त्या वाचायला शिकवत. अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा. वाचलेलं आपल्या शब्दांत सांगा. वाद घालायचाय? मग आधी समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडा, नंतर आपलं. पहिल्या बाकावरच्या मुलीला तर, जिला सगळे गोगलगाय म्हणत, कागद हातात कसा घ्यायचा इथपासून शिकवावं लागलं होतं. आता परीक्षेत तिचा एकही प्रश्न लिहायचा राहत नसे.

आणि गणिताचे सर काय करत? आधी वर्षभर कुरकुरले. मग यंदा मागच्या बाकावर बसून वहीत काहीबाही टिपू लागले. आपल्या चुका टिपतायत, हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

सर शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होते. बाईंनी कागद त्यांच्यापुढे नाचवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. मीच."

निदान नाकबूल तरी करतील, असं बाईंना वाटलं होतं. "आणि वर तोंड करून सांगता?"

सर चक्रावले. "तुम्ही वाचलंत ना ते?"

"पाठ झालंय. वर्षभर माझ्याच वर्गात बसून माझ्याच पाठीत खंजीर खुपसलात."

इतर शिक्षकांनी वह्यांत माना घातल्या. सर उठून उभे राहिले. "बाई, ऐकून तरी घ्या, त्यात मी..."

"एक अक्षर बोलू नका. स्वतःला शिकवता येत नाही आणि दुसऱ्याचं बघवत नाही तुम्हाला."

सरांचा चेहरा उतरला. ते खाली बसले, लाल पेनाला टोपण लावलं. "ठीक आहे," एवढंच म्हणाले.

त्याच तिरमिरीत बाईंनी राजीनामा खरडला आणि बारा वाजता तो थेट बैठकीत नेऊन दिला. हाकलून देण्याआधी आपणच गेलेलं बरं.

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "अहो, निदान ते पत्र तरी द्या. इथे वाचायचंय."

"माझी शोभा करायला? मिळणार नाही."

संस्थेच्या अध्यक्षांना आयतंच फावलं. त्यांनी राजीनामा मंजूर करून खाली सही ठोकली. "चला, बाईही गेल्या आणि तासही. विषय मिटला."

शेवटचा तास चौथीवरच होता. बाईंचा राग अजून उतरला नव्हता. जाता जाता या मुलांनाच कळू दे की माणसं कशी असतात, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी घडी उलगडून कागद गोगलगायीच्या हातात दिला.

"आजचा उतारा. मोठ्याने वाच. आणि बाकीच्यांनी सांगायचं, लिहिणारा कोणाच्या बाजूचा आहे."

मुलीने कागद घेतला आणि बाईंनी लावलेल्या सवयीप्रमाणे आधी उलटून पाहिला.

"बाई, मागच्या बाजूलाही आहे. ते पण वाचू?"

बाई कागदाकडे वाकल्या. मुलगी शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचू लागली.

"'इथवर मांडलेले सगळे आक्षेप माझेच होते. यंदा बाईंच्या वर्गात मागे बसून मी शिकलो, आणि ते सगळे मागे घेतो. हा तास बंद करू नये.'"