राजीनाम्याचं कारण

खिडकीपलीकडच्या बाईंनी माझाच राजीनामा माझ्याकडे वळवून धरला. "ताई, बेरोजगारी भत्ता कामावरून काढलेल्यांना मिळतो. तुम्ही नोकरी स्वतःहून सोडलीत. हे बघा, 'मुलीला सांभाळण्यासाठी नोकरी सोडत आहे.' सही तुमचीच ना?"

सही माझीच होती, अक्षरही माझंच. कंपनीने एका दुपारी बत्तीस जणांना काढलं, तेव्हा साहेबांनी पेन पुढे केलं होतं. "काढलं असं कागदावर आलं तर पुढे कोण घेईल तुम्हाला? घरचं काहीतरी कारण लिहा, बरं दिसतं." घरात येणारा तोच एक पगार होता. तरी मी, एम.कॉम. झालेल्या बाईने, मुकाट्याने लिहून दिलं.

माझं बोट धरून उभी असलेली सहा वर्षांची लेक सगळं ऐकत होती.

संध्याकाळी दप्तरात दोन फ्रॉक आणि दात घासायचा ब्रश भरून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"मी आजीकडे जाते, आई. तू त्यांना सांग, आता घरी मुलगी नाहीये."