कावळा शिवेपर्यंत

आमटीत मीठ घातलं की नाही, ते रत्नप्रभाला आठवेना.

बरणीत हात घातल्याचं आठवत होतं. तेवढ्यात दारात अनंतकाका आले. नवऱ्याचे सख्खे काका, सासऱ्यांच्या म्हाळाला मानखुर्दहून आलेले. त्यांना पाय धुवायला पाणी दिलं आणि परत येऊन बघते, तर बरणी उघडी, मूठ रिकामी आणि हात ओले. काळ्या वाटाण्याची आमटी स्टोव्हवर रटरटत होती. ती काय सांगणार?

पितरांचं जेवण चाखायचं नसतं. आधी कावळ्याने शिवायचं, मग माणसांनी जेवायचं. तरी कुणाच्या घरी अळणी पान पडत नाही, कारण बायकांना मीठ वासावरून कळतं. रत्नप्रभालाही कळायचं. आषाढापासून कळत नव्हतं.

आषाढात आमटी खारट झाली, म्हणून नवऱ्याने, धोंडूने, पितळेचा तांब्या फेकून मारला होता. डॉक्टरांना सांगितलं, मोरीत पाय घसरला. जखम भरली. पण डोक्याला आतून मार बसला होता, त्यात वास गेला आणि वासापाठोपाठ चव. आता परत येणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. धोंडूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तांब्याला पोचा आला, तेवढं मात्र त्याने नीट बघून घेतलं होतं.

रोज शेजारची कमल चाखून द्यायची. आज ती नेमकी बाहेरची होती, गॅलरीत अंग चोरून बसली होती. रत्नप्रभा पळीभर आमटी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली.

"लांबून वास घे गं नुसता."

"वेडी झालीस? पितरांचं आहे." कमल मागे सरकली. "माझ्यामुळे कावळा नाही शिवला, तर तुझीच वाट लागेल ना."

रत्नप्रभा आत आली. मघाशी मीठ पडलं असेल तर आता दुप्पट होईल, पडलं नसेल तर बरोबर होईल. तिने डोळे मिटले आणि मूठ आमटीत सोडली.

पान पत्र्यावर ठेवून अर्धा तास झाला. वाकोल्यात कावळ्यांना एरवी तोटा नाही. आज एकच होता, तोही समोरच्या अँटेनावर बसून राहिलेला. येऊ नको रे बाबा, रत्नप्रभा मनात म्हणत होती. तो येईपर्यंत कुणी जेवणार नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि पितरांना अडवून धरल्याची लाजही.

"बाबानू, काय चुकला आसात तर पोटात घाला," धोंडूने हात जोडले.

कावळा हलला नाही.

अनंतकाकांनी रत्नप्रभाच्या कपाळावरच्या व्रणाकडे पाहिलं. मोरीची गोष्ट चाळीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच खरी वाटली नव्हती. "धोंडू, काय ता सांगून टाक," काका म्हणाले. "बाबाक थंयसून सगळा दिसता."

धोंडू मान खाली घालून पुटपुटला, "परत हात उचलूचंय नाय."

कावळा पत्र्यावर उतरला. वड्याचा तुकडा चोचीत धरला आणि उडून गेला. आमटीकडे तो वळलासुद्धा नाही.

"शिवलो," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले.

पाट मांडले. रत्नप्रभाने दोघांना वाढलं आणि भिंतीशी उभी राहिली. पाण्याचा तांब्या तिने आज मुद्दाम आपल्या पायाशी ठेवला होता.

धोंडूने आमटी भातावर ओतून घेतली, कालवली आणि मोठा घास घेतला. त्याचं तोंड हलायचं थांबलं. काकांनीही घास घेतला. त्यांनी वर पाहिलं नाही. खाली मान घालून ते सावकाश चावत राहिले.

बाहेर कमलने आपलं दार लोटून घेतलं.

धोंडूने घास गिळला. उजवा हात ताटात तसाच ठेवून डावा हात रत्नप्रभापुढे केला.

"तांब्यो दी," तो म्हणाला.